आमच्या घरातले नव्वद अंश

मी मोजणी खात्यात सर्व्हेअर आहे. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बऱ्याच मंडळांचा, म्हणजे तालुक्यांचा, चिखल माझ्या बुटांना लागून गेला आहे. बांधावरून दोन भाऊ भांडले की ते आधी एकमेकांना बघून घेतात आणि मग मला बोलावतात. मी जातो, मोजतो आणि दोघांनाही सारखंच नाराज करून परत येतो. या कामात तीस वर्षं गेली, आणि तेवढ्या वर्षांत मी फक्त दोन गोष्टी शिकलो.

पहिली अशी की टिपण कधी चुकत नाही, चुकते ती जमीन. टिपण म्हणजे निजामाच्या काळात कुण्या मोजणीदारानं काढून ठेवलेला शेताचा आराखडा. पिवळा पडलेला कागद, त्यावर आकृती, प्रत्येक बाजूची लांबी लिहिलेली. आता टिपणात एखादी बाजू मोजणीच्या बारा साखळ्यांची असली आणि जागेवर अकराच भरली, तर आम्ही पुन्हा मोजायचो. पुन्हा अकरा भरली तर साखळी जरा सैल धरून मोजायचो. बारा भरेपर्यंत मोजायचो. हल्ली साखळी जाऊन मशीन आली आहे आणि ती सैल धरता येत नाही, ही आमच्या खात्याची मोठीच अडचण होऊन बसली आहे.

दुसरी गोष्ट खाडाखोडीची. कागदावर काही खोडलं तर ज्यानं खोडलं त्यानं शेजारी छोटी सही करायची, म्हणजे पुढेमागे कुणी विचारलं तर हे पाप कुणाचं ते कळतं. हा नियम मी नव्या पोरांना फार कळकळीनं सांगत आलो. पहिल्या गोष्टीचा आणि दुसरीचा काही संबंध असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

आमचं घराणं मराठी. इथं किती पिढ्यांमागे आलो हे सांगणारं आता कुणी उरलं नाही. आधी शेती होती, मग नोकऱ्या आल्या, आणि आता आमच्यात पोरगं दहावी झालं की पाहुणे त्याला काय आवडतं हे विचारत नाहीत, हैदराबादला कुठल्या कॉलेजात टाकलं ते विचारतात. टाकलं, हाच शब्द वापरतात. माझ्या पोरीलाही आम्ही टाकलं. निर्णय दादाचा होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, वीज खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला. घरात शेवटचा शब्द दादाचा असतो, आणि पहिलाही त्याचाच असतो, त्यामुळे मधे बोलायला कुणाला फारशी जागा उरत नाही.

पाच आठवड्यांनी मी तिला कॉलेजच्या हॉस्टेलात भेटायला गेलो. भेटीची खोली होती, खिडक्यांना जाळ्या होत्या, भिंतीवर मागच्या वर्षी नंबर आलेल्या पोरांचे फोटो होते, आणि त्यांतलं एकही पोर हसत नव्हतं. माझी पोरगी समोर येऊन बसली. रडली नाही, तक्रार केली नाही. बाजूला माठ होता. तिनं माठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, पानी पिऊ का?"

घरी फ्रीज उघडा टाकून जाणारी, बाटलीला तोंड लावून पाणी पिणारी, त्यापायी आईची रोज बोलणी खाणारी पोर बापाला पाण्याची परवानगी मागत होती. मी तिची पेटी भरली आणि सोबत घेऊन निघालो.

माझं शौर्य बसमध्ये निर्मल गाव येईपर्यंत टिकलं. पुढे दादाचा चेहरा डोळ्यांसमोर यायला लागला. इचोड्याला बस थांबली, आम्ही ट्रकांच्या रांगेपलीकडच्या ढाब्यावर चहा घेतला, आणि तिथूनच मी दादाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आनली तं आनली. पन फिजिक्स कोन शिकवन तिले? इथं कोन हाय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी शिकवतो न!"

हे वाक्य निघायला कारण होतं. गेली तीस वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात आणि तेराव्याला मी लोकांना सांगत आलो होतो की इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, असताना फिजिक्सच्या पेपरात दोन गोळ्यांच्या टकरीचं अवघड गणित आलं होतं आणि सगळ्या कॉलेजात ते फक्त माझं बरोबर आलं. ही गोष्ट खोटी नव्हती. उत्तर माझं बरोबरच आलं होतं. ते कसं आलं एवढंच मी कधी सांगितलं नव्हतं. मी ते गाईडातून पाठ करून गेलो होतो, आकृतीसकट. प्रश्नात आकडे वेगळे असते तरी मी तेच उत्तर लिहून आलो असतो.

दादानं अट घातली. सहामाहीत फिजिक्समध्ये साठपैकी पंचेचाळीस मिळाले तर पोरगी घरी राहील आणि इथल्याच कॉलेजात शिकेल. एकही मार्क कमी पडला तर पेटी पुन्हा हैदराबादला. "आनि पेपर मी सोता पाहीन," तो म्हणाला. पोरगी चहाच्या कपावरून माझ्याकडे पाहत होती. फोन ठेवला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "बाबा, खरंच येते न तुमाले?" मी हसलो. असल्या प्रश्नाला बापांनी हसायचंच असतं.

तिचं नाव इथल्या कॉलेजात घातलं, आणि सुरुवातीचे धडे निभावले. दुपारच्या सुट्टीत ऑफिसात डबा खाता खाता गाईड वाचायचो आणि संध्याकाळी तेच जणू आत्ताच सुचलं अशा थाटात घरी सांगायचो. शेजारी एक तेलुगू बाई राहतात, त्या कंपाउंडवरून ऐकायच्या आणि माझ्या बायकोला म्हणायच्या की तुमचे 'सार' तर लेक्चरर व्हायला पाहिजे होते. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती हे ऐकत नुसती मेथी निवडायची.

मग तो धडा आला. दोन मितींमधली टक्कर.

प्रकार असा असतो. एक गोळा पळत येतो, दुसरा निवांत पडलेला असतो. पहिला दुसऱ्याला मधोमध न लागता जरा कडेला लागतो, आणि दोघं दोन वाटांनी निघून जातात. कोण कुठे गेला आणि किती वेगानं, ते सांगा. सांगायला हाताशी दोन कायदे असतात. एक संवेगाचा. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, आणि तो टकरीआधी जेवढा तेवढाच टकरीनंतर. पण नुसता एकूण जुळून भागत नाही. गोळा ज्या दिशेनं आला त्या दिशेचा हिशोब वेगळा जुळला पाहिजे आणि तिच्याशी काटकोनातल्या दिशेचा वेगळा. पूर्वेला कमी पडलं म्हणून उत्तरेकडून ओढून घ्यायची सोय त्यात नाही. तीस वर्षं पूर्वेचा बांध उत्तरेकडून बसवलेल्या माणसाला हा कायदा फार जाचक वाटला.

दुसरा कायदा ऊर्जेचा. गोळे टणक असले आणि टकरीत काही वाया गेलं नाही तर गतीची ऊर्जा आधी जेवढी तेवढीच नंतर. ऊर्जेला दिशा नसते, एकदाच जुळवली की झालं. पण तिच्यात वेगाचा वर्ग येतो, आणि वर्ग दिसला की माझ्या अंगावर काटा येतो, तेव्हाही आणि आताही.

गाईडानं यातून सुटका ठेवली होती. एक चौकट होती, ठळक अक्षरात: टकरीनंतर दोन्ही गोळ्यांच्या वाटांमधला कोन नव्वद अंश. एक वाट माहीत असली की दुसरी मिळाली. ऊर्जेच्या समीकरणाला हात लावायचं कामच नाही. चौकटीच्या वर बारीक अक्षरात काही अटी छापलेल्या होत्या, पण अटी मी वाचत नाही. सरकारी परिपत्रकातल्याही वाचत नाही.

"नव्वद," मी पोरीला सांगितलं. "हे पाठच करून ठेव. बाकी समदं आपोआप येते."

"नव्वदच काऊन?"

हा प्रश्न तिनं हॉस्टेलात विचारला असता तर तिला बाहेर उभं केलं असतं. मी सुशिक्षित बाप. मी म्हणालो, करून पाहू. मला खात्रीच होती.

मी बाजारातून कॅरम आणला. खेळाच्या सामानाचा दुकानदार मारवाडी. मी हलका, स्वस्तातला स्ट्राइकर उचलला तर त्यानं तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाला, "साब, भारीवाला लो. हल्का स्ट्राइकर गोटी को लग के खुद ही भटक जाता है. भारीवाला सीधा निकलता है." मी मान डोलावली आणि भारीवाला घेतला. अख्ख्या धड्याचं सार त्या माणसानं मला पिशवीत घालून दिलं होतं, आणि मी वर त्याला सांगून आलो की पोरीला फिजिक्स शिकवतोय म्हणून.

आम्ही बोर्डावर पावडर जाड पसरली, म्हणजे स्ट्राइकर आणि सोंगटी जिथून जातील तिथे चरे उमटतील. मधोमध सोंगटी ठेवली. पोरीनं स्ट्राइकर मारला. सोंगटी एका बाजूला उडाली, स्ट्राइकर जरासा वळून जवळजवळ सरळच पुढे गेला. तिनं कंपासातला कोनमापक चऱ्यांवर ठेवला.

"चौसष्ट," ती म्हणाली.

"पुन्हा मार."

पुन्हा त्र्याहत्तर. पुन्हा मारला तर पन्नास. मी म्हणालो तुला कोन मोजता येत नाही. मग मी मोजला. अठ्ठेचाळीस आला. माझा तर तिच्यापेक्षाही वाईट आला होता.

त्या संध्याकाळी आम्ही बारा-पंधरा फटके मारले असतील. ती प्रत्येक फटक्याचा कोन वहीत लिहीत होती. एकही नव्वदच्या जवळपास फिरकत नव्हता. बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आवो, पोरगी काय मोजून राह्यली ते तरी पाहा." मी म्हणालो बोर्ड वाकडा आहे, पावडर दमट आहे, सोंगटीला कड आली आहे. थोडक्यात, जमीन चुकली होती.

मग पोरीनं एक गोष्ट केली. स्ट्राइकर बाजूला ठेवला आणि सोंगटीनंच सोंगटीला टिचकी मारली. चरे मोजले. "सत्त्याऐंशी." पुन्हा मारली. "अठ्ठ्याऐंशी."

"पाह्य!" मी उठूनच उभा राहिलो. "म्हनलं न मी? नव्वद!"

"पन बाबा, हे दोन्ही सारख्या वजनाच्या हायेत म्हनून. स्ट्राइकर जड हाय."

मी ऐकलंच नाही. ऐकलं, पण आत जाऊ दिलं नाही. मी तिची वही घेतली, चौसष्ट, त्र्याहत्तर, पन्नास अशी स्ट्राइकरची सगळी मापं एकेका रेघेनं खोडली आणि खाली लिहिलं, मोजमापातली चूक वजा जाता कोन नव्वद. वर तिला ऑफिसचा नियमही शिकवला. "खोडलं की बाजूले सही कराव लागते," म्हणालो आणि प्रत्येक रेघेशेजारी माझी छोटी सही ठोकली. एवढ्या सह्या मी एका कागदावर कधी केल्या नव्हत्या. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे आज लिहिताना कान गरम होतात.

सहामाहीच्या चार दिवस आधी कॉलेजनं सरावाचा पेपर दिला. त्यात एक गणित होतं, चार मार्कांचं, शेजारी दोन फुल्या. दोन फुल्या म्हणजे हे येणारच. दोन किलोचा टणक गोळा सेकंदाला सहा मीटर वेगानं येऊन स्थिर असलेल्या एक किलोच्या तशाच गोळ्याला धडकतो. हलका गोळा मूळ दिशेशी तीस अंशांत जातो. जड गोळा कुठे आणि दोघांचे वेग किती?

मी खुशीत आलो. "तीस तिकडं, मंग साठ इकडं. झाले नव्वद. आता दोन्ही दिशांचा संवेग जुळव." तिनं जुळवला. जड गोळा तीन मीटर वेगानं, हलका दहा पूर्णांक चारनं. मूळ दिशेत बारा आधी, बारा नंतर. आडव्या दिशेत शून्य आधी, शून्य नंतर. इतकं सुरेख जुळलं की मी चहा मागवला.

पोरगी पेन्सिल चावत होती. "बाबा, ऊर्जा पाहून घेऊ का?"

"काय गरज हाय?"

तोवर तिनं मांडलीही होती. टकरीआधी छत्तीस ज्यूल. टकरीनंतर जड गोळ्याची नऊ आणि हलक्याची चौपन्न. एकूण त्रेसष्ट.

"आकडे उलटे लिवले असशील," मी म्हणालो. छत्तीसचे त्रेसष्ट होणं ही कारकुनी चूक मी खूप पाहिली होती. तिनं पुन्हा केलं. पुन्हा त्रेसष्ट.

"बाबा, येतानी छत्तीस आनि जातानी त्रेसष्ट. मधले सत्तावीस कुठून आले? एकमेकाले नुसते धडकलेच न ते?"

मी म्हणालो थोडं इकडंतिकडं होतंच. ती म्हणाली हे थोडं नाही, पाऊणपट आहे. मग तिनं दुसरं पान माझ्यापुढे सरकवलं. ते तिनं आधीच सोडवून ठेवलं होतं. नव्वद घेतलेच नव्हते. संवेगाची दोन समीकरणं आणि ऊर्जेचं एक, तिन्ही एकदम सोडवली होती, त्या वर्गासकट. जड गोळाही तीस अंशांतच गेला होता, दुसऱ्या बाजूला. मधला कोन साठ. जड गोळ्याची ऊर्जा बारा, हलक्याची चोवीस. बारा आणि चोवीस छत्तीस.

मला तेव्हाच कळलं. हे मी साफ सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते न कळून केलं असं कुणाला वाटू नये. बारा आणि चोवीस छत्तीस होतात हे कळायला फिजिक्स लागत नाही. पण माझ्यासमोर सोळा वर्षांची पोर बसली होती, शेजारच्या बाई कंपाउंडशी उभ्या होत्या, आणि माझी तीस वर्षांची लग्नं, बारशी आणि तेरावी पणाला लागली होती. मी पान चुरगाळलं.

"तुले बापापेक्षा जास्त समजते काय? या घरात राह्यचं असन तं नव्वद. दुसरं काई पाह्यजे असन तं हॉस्टेल हायच."

ती उठून आत गेली. बायकोनं चहा आणला, माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चहात साखर नव्हती.

पेपरच्या दिवशी सकाळी मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली आणि लाडानं विचारलं, "किती?"

"नव्वद," ती म्हणाली आणि चप्पल घालून गेली. मला वाटलं, पोरगी समजूतदार आहे.

पेपर तपासून आठवड्यानं घरी आले. वर पालकांच्या सहीची जागा होती, सही घेऊन परत द्यायचे होते. ती फाटकातून आत येतच होती तेवढ्यात शेजारच्या बाईंनी विचारलं, "एंता वच्चिंदी?" किती मिळाले, हा आमच्याकडे नमस्काराऐवजी विचारायचा प्रश्न आहे. पोरगी म्हणाली त्रेचाळीस, आणि सरळ आत आली.

दोन कमी पडले होते.

दादा रविवारी सकाळी दहाला आला. पेपर पाहायच्या आधीच म्हणाला, "पेटी भरा." पोरगी भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. हॉस्टेलातल्या त्या भेटीच्या खोलीत होती तशीच उभी होती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी पेपर चाळायला घेतला. बाकी ठीक होतं. टकरीचं गणित आलं होतं, जसंच्या तसं, दोन फुल्यांना जागून. तिनं लिहिलं होतं, मधला कोन नव्वद, म्हणून जड गोळा साठ अंशांत, वेग तीन मीटर. खाली तपासणाऱ्यानं लाल शाईत लिहिलं होतं, ऊर्जा? चारपैकी एक मार्क दिला होता, तोही संवेगाच्या समीकरणांवर दया येऊन. तीन गेले होते. तीन मिळते तर सेहेचाळीस झाले असते.

आणि उजव्या बाजूला, रफ कामाच्या रकान्यात, पेन्सिलीनं सगळं बरोबर सोडवलेलं होतं. तीस अंश. मधला कोन साठ. बारा आणि चोवीस छत्तीस. खाली दोन रेघाही ओढल्या होत्या, उत्तर पक्कं झाल्यावर ओढतात तशा. आणि त्या सगळ्यावरून एक आडवी, सरळ रेघ.

"हे तुले येत होतं?" मी विचारलं.

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मंग खोडलं काऊन?"

ती म्हणाली, "तुमी म्हनाल्ते न, या घरात राह्यचं तं नव्वद. मले घरीच राह्यचं होतं, बाबा."

बायको आत गेली. दादा चष्मा पुसायला लागला. टिपणाला जमीन जुळावी म्हणून साखळी सैल धरायला मी तीस वर्षं शिकलो होतो, आणि तिनं ते चार महिन्यांत शिकून घेतलं होतं, माझ्याकडून, घरबसल्या. हॉस्टेलनं तिला पाणी विचारून प्यायला शिकवलं म्हणून मी तिला तिथून उचलून आणलं होतं. इथे आणून मी तिला बरोबर उत्तर खोडायला शिकवलं. मला लाज वाटली, साधी, भर बाजारात वाटावी तशी लाज.

मी खिशातलं पेन काढलं. वर पालकाच्या जागी सही केली. मग पान उलटलं आणि रफच्या रकान्यात, त्या आडव्या रेघेशेजारी, आणखी एक सही केली. छोटी.

"तिथं कायले करून राह्यला?" दादा म्हणाला.

"ज्यानं खोडलं त्याले सही कराव लागते," मी म्हणालो. "हे तिनं नाई खोडलं, दादा. मी खोडलं. आनि इंटरचं ते गणितबी मले येत न्हवतं. गाईडातून पाठ केलं होतं मी."

दादानं पेपर माझ्या हातून घेतला. वीज खात्यात त्यानं आयुष्यभर मीटर तपासले होते, त्यामुळे त्याला घाई नव्हती. बोट ठेवून एकेक ओळ वाचली, त्या रेघेखालची अक्षरं नीट दिसावीत म्हणून पेपर खिडकीकडे धरला, आणि शेवटी ओठांतल्या ओठांत बारा आणि चोवीसची बेरीज केली. मग पेपर घडी घालून पोरीच्या हातात दिला.

"पोरगी राहू दे इथंच," तो म्हणाला. "पन तू शिकवू नोको."

पेटी पलंगाखाली गेली. त्या दिवसापासून संध्याकाळी मी तिच्यासमोर बसतो आणि ती मला सांगते, कारण दुसऱ्याला सांगितलं की आपलं पक्कं होतं असं तिचं म्हणणं आहे. वर्ग आला की ती थांबते आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहते. मी म्हणतो, चाल, पुढं चाल.

सोमवारी तिनं पेपर कॉलेजात परत दिला. तिच्या सरांनी तो उलटसुलट करून विचारलं की एका पेपरावर दोन सह्या कशाला. तिनं काय उत्तर दिलं ते मला त्या सरांनीच नंतर बाजारात भेटल्यावर सांगितलं, हसत हसत. वरची पालकाची, ती म्हणाली होती, आणि खालची, ज्यानं खोडलं त्याची.